महापूर आणि दुष्काळ: उपग्रहाला आपलं शिवार कसं दिसतं?

बेळगाव जिल्ह्यात पूर आणि दुष्काळ शेजारी शेजारी नांदतात. अथणी तालुक्यातली कृष्णाकाठची गावं पुराच्या धास्तीत असतात, त्याच तालुक्यातला तेलसंग भाग मात्र पावसाची वाट बघत बसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकाच वेळी फुगल्या. २०२३ मध्ये कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले. अशा दोन्ही संकटांत सरकारी यंत्रणा उपग्रहांच्या नोंदींचा आधार घेतात. त्या नोंदी कशा तयार होतात, हे शेतकऱ्याला माहीत असलेलं बरं.

पूर कसा टिपला जातो?

साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगांपलीकडचं दिसत नाही, आणि पूर येतो तोच मुळी ढगाळ दिवसांत. म्हणून रडार वापरतात. युरोपचा सेंटिनेल-१ आणि इस्रोने फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडलेला ईओएस-०४ हे असे उपग्रह आहेत. ते स्वतःच लहरी पाठवतात आणि परत आलेल्या लहरी मोजतात. त्यामुळे ढग असोत की रात्र, काम थांबत नाही. संथ पाण्यावरून लहरी आरशासारख्या दुसरीकडे निघून जातात, म्हणून चित्रात पाणी काळं दिसतं. पुराआधीच्या चित्राशी तुलना करून नदी, तलाव, धरण यांचं नेहमीचं पाणी वजा केलं की उरतो तो पूर. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र असे नकाशे तयार करतं. ते 'भुवन' या संकेतस्थळावर बघता येतात.

दुष्काळ कसा मोजतात?

हिरवं, निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन्हींच्या फरकावरून 'एनडीव्हीआय' हा आकडा निघतो. यंदाचा आकडा मागच्या अनेक वर्षांतल्या सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकड्यांशी ताडून पिकाची स्थिती ० ते १०० मध्ये मांडतात. ६० च्या वर चांगली, ४० ते ६० मध्यम, ४० च्या खाली वाईट. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ नियमावलीत पाऊस, पेरणी, जमिनीतील ओल आणि जलसाठा यांच्या जोडीला ही मोजणीही आहे.

उपग्रह कुठे फसतो?

चिकोडी, निपाणी भागातला उंच ऊस हे मोठं उदाहरण. बुडात कमरेएवढं पाणी असलं तरी वरून पानंच दिसतात, आणि सेंटिनेलच्या लहरी बहुतेक पानांतच अडकतात. लांब लहरी जास्त खोल जातात. ३० जुलै २०२५ रोजी निघालेल्या इस्रो-नासाच्या निसार उपग्रहाकडून म्हणूनच अपेक्षा आहे. दुसरी अडचण वेळेची. एक उपग्रह त्याच कक्षेत १२ दिवसांनी परत येतो. बळ्ळारी नाल्याचं पाणी तोवर चढून ओसरलेलंही असतं. दुष्काळातही तसंच: बोअरवेलवरचा ऊस हिरवा दिसतो, पण शेजारची जिरायत ज्वारी करपलेली असते.

म्हणून पंचनाम्याला पर्याय नाही. दुष्काळ नियमावलीही निवडक १० टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी करायला सांगते. पूर असो वा दुष्काळ, आपत्ती निधीतून पिकाच्या मदतीसाठी ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान दिसावं लागतं. तेव्हा पाणी शेतात असतानाच तारीख आणि ठिकाण नोंदवणारे फोटो काढा, बांधावरची खूण त्यात येऊ द्या, आणि उताऱ्यावर पिकाची नोंद बरोबर आहे का ते आधीच बघून ठेवा. नकाशात शिवार कोरडं दिसलं, तर तुमची बाजू हेच कागद मांडतील.