वंशावळीतला एकच रकाना



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. गेले चार महिने माहेरच्या घराण्याची वंशावळ संकेतस्थळावर चढवण्याच्या खटपटीत होते. माझ्या चुलत्यांनी छापलेली पुस्तिका समोर होती, आणि शेजारी बसून शिकवायला माझा नातू, म्हणजे लेकीचा मुलगा. वयाच्या पंचाहत्तरीत पीएचपी शिकणाऱ्या बाईचं कौतुक करण्यापेक्षा तिला शिकवणाऱ्याच्या सहनशक्तीचं करावं, हे आधीच सांगून टाकते.

तर झालं असं, की पणजोबांपासूनची नावं भरून झाली आणि नातवाला हौस आली स्वतःचं नाव घालायची. नाव टंकून झालं आणि तो थांबला.

"आजी, माझ्या नावापुढे पालक म्हणून कोण टाकू?"

मी पुस्तिका उघडली. माझ्या वडिलांच्या नावाखाली माझ्या तीन भावांची नावं, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे. मी आणि माझी बहीण कुठे? तर तळटीपेत : "कन्या : दोन." नावंसुद्धा नाहीत. मीच झाडावर नाही, तर माझी लेक कुठून असणार, आणि तिचा मुलगा कुठे टांगायचा?

वंशावळी अशा का, हे वर्गात मी कितीदा तरी शिकवलं आहे. मराठेशाहीत वतनाचा तंटा उभा राहिला की वादी-प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, थोरली शाखा कोणाची, धाकटी कोणाची... पाटीलकीचा मान आणि हक्क त्यावरून ठरायचा. म्हणजे वंशावळ ही आठवणींची वही नव्हती, ती हक्काची साखळी होती. ज्याच्याकडून वतन आलं तेवढाच दुवा तिला हवा असे. पुढे विसाव्या शतकात कुलवृत्तांत छापले गेले, तेव्हा वतनाचा प्रश्न मागे पडला होता, पण झाड तेच राहिलं.

मला वाटलं, संगणकाला कुठलं आलं वतन! तिथे तरी दोन पालकांची सोय असेल. पण नातवाने दाखवलं, तिथेही पालकाचा रकाना एकच. इतिहासाची शिक्षिका ना मी, हा रकाना आला कुठून ते शोधत गेले. आणि बघा, गोष्ट चंद्रापर्यंत पोचली!

अपोलो मोहिमेच्या अग्निबाणाचे आणि यानाचे सुटे भाग लाखोंच्या संख्येने होते. कुठला भाग कुठल्या जोडणीत बसतो, ती जोडणी कुठल्या मोठ्या जोडणीत, ही यादी सांभाळायला आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांच्या लोकांबरोबर १९६६ मध्ये एक प्रणाली रचायला घेतली. तिचं नाव पुढे आयएमएस. १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथे ती प्रथम 'तयार' असल्याचा संदेश आला, आणि पुढल्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला. हिची रचना झाडासारखी. वर मूळ, खाली फांद्या. वरच्याला म्हणायचं 'पेरेंट', खालच्याला 'चाइल्ड'. आणि मुलाला पालक एकच.

अग्निबाणापुरतं हे बरं होतं. पण तिथेही अडचण होतीच. तोच स्क्रू दहा जोडण्यांत लागत असला, तर त्याला ठेवायचा कोणाच्या पदरात? आयएमएसमध्ये त्यासाठी पुढे दुसऱ्या पालकाशी जोडण्याची वेगळी सोय करावी लागली. त्याआधीच, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाखमन यांनी झाडाऐवजी जाळ्याची रचना केली होती, ज्यात एका नोंदीला अनेक 'मालक' असू शकत.

मग १९७० साली एडगर कॉड यांचा निबंध आला. मूळचे इंग्लंडचे, महायुद्धात वैमानिक होते, नंतर आयबीएममध्ये. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माहिती झाडात कोंबू नका. साधे तक्ते करा, आणि कोण कोणाचा हे तक्त्यातल्या मूल्यांवरून विचारून काढा. आपल्या हजेरीपटासारखं! पटावर विद्यार्थी क्रमांकाने असतात, पण "कोथरूडहून येणारे कोण?" असं विचारलं की तीच पोरं वेगळ्या रांगेत उभी राहतात. तशा विचारण्याला म्हणायचं क्वेरी. याच कल्पनेवर पुढे एसक्यूएल ही भाषा उभी राहिली.

आता माझ्या संकेतस्थळाकडे येते. रास्मुस लेर्डॉर्फ या ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या गृहस्थांनी, जालावरचा आपला परिचय कोण वाचतं ते मोजायला १९९४ मध्ये काही छोटे प्रोग्राम लिहिले आणि १९९५ मध्ये ते सर्वांना खुले केले. ती पीएचपीची सुरुवात. २००३ मध्ये मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी पीएचपीवर वर्डप्रेस उभं केलं. त्यात आधी फक्त रोजनिशीसारख्या नोंदी होत्या. २००५ च्या १.५ आवृत्तीत 'पाने' आली, आणि एका पानाखाली दुसरं पान ठेवता येऊ लागलं. जून २०१० च्या ३.० आवृत्तीपासून आपल्याला हवा तो नवा प्रकार सहज बनवता येऊ लागला. मी केला तो प्रकार 'व्यक्ती', आणि तो श्रेणीबद्ध आहे असं एका ओळीत सांगून टाकलं.

गंमत अशी, की आत डोकावलं तर कॉडसाहेबांचा साधा तक्ताच दिसतो. नोंद, पान, व्यक्ती, सगळं एकाच तक्त्यात. त्यात एक रकाना 'पोस्ट पेरेंट'. त्यात वरच्या नोंदीचा क्रमांक, आणि वर कोणी नसेल तर शून्य. झाड कुठेच नाही, ते क्वेरी केली की उगवतं. "ज्यांच्या पालकाच्या रकान्यात शून्य आहे ते द्या" म्हटलं की मूळ पुरुष हजर. मग "ज्यांचा पालक हा आहे ते द्या." मग त्यातल्या प्रत्येकाबद्दल तोच प्रश्न, उत्तर रिकामं येईपर्यंत. किती पिढ्या आहेत हे आधी ठाऊक नसताना एकाच क्वेरीत सगळी खोली गाठणं मायएसक्यूएलला २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत जमत नव्हतं, म्हणून ही फेऱ्या मारण्याची हमाली पीएचपीकडे.

माझ्या फजित्याही ऐका. पणजोबांना अकरा मुलं, पडद्यावर दहाच! एक जण गेले कुठे? शोधता शोधता दुपार गेली. मग कळलं, वर्डप्रेसला वेगळं सांगितलं नाही तर ते एका वेळी दहाच नोंदी देतं. 'उणे एक' लिहिलं की सगळ्या येतात. आणि क्रम? शेवटी भरलेली नोंद आधी दाखवायची, असा त्याचा रिवाज. त्यामुळे शेंडेफळ थोरलं होऊन बसलं. प्रत्येकाला क्रमांक देऊन त्या क्रमाने मागितलं, तेव्हा ज्येष्ठता जागेवर आली.

असो. पण खरा प्रश्न राहिलाच होता. रकाना एक, त्यात कोण?

आपल्या सरकारनेही हा प्रश्न सोडवला आहे, उशिरा का होईना. महाराष्ट्रात १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे रकाने दोन झाले. मग माझ्या संकेतस्थळावर का नकोत?

आम्ही असं ठरवलं. पालकाच्या रकान्यात जो या घराण्यातला तो. कुणाच्या बाबतीत वडील, कुणाच्या बाबतीत आई. त्या नियमाने मी आणि बहीण वडिलांच्या नावाखाली आलो, माझी लेक माझ्या नावाखाली, आणि नातू त्याच्या आईच्या. शिवाय प्रत्येक व्यक्तीला आई आणि वडील असे दोन जादा रकाने जोडले. आता कुठल्याही आईच्या पानावर "जिच्या आईच्या रकान्यात हा क्रमांक आहे त्या व्यक्ती द्या" अशी क्वेरी चालते आणि तिची मुलं दिसतात. पुस्तिकेत "सौ." एवढ्याच नावाने आलेल्या काकवांना त्यामुळे प्रथमच स्वतःचं पान मिळालं. त्यातल्या दोघींची माहेरची नावं विचारायला मला फोन करत बसावं लागलं.

तरी एक जण उरली. आमची आत्या. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन परत आली, मूलबाळ नाही. आई सारखी आजारी, म्हणून आम्हा पाच भावंडांचं न्हाऊमाखू, शाळा, दुखणीखुपणी सगळं तिने केलं. पुस्तिकेत तिचा पत्ता नाही. नव्या झाडावर ती आजोबांच्या नावाखाली आली खरी, पण तिच्या खाली क्वेरी चालवली की उत्तर रिकामं. नियमाने बरोबर, आणि तरी खोटं.

मी नातवाला म्हटलं, "अजून एक रकाना कर."

"कसला?"

"सांभाळलं कोणी, असा."

त्याने केला. मी पाचही नावांपुढे आत्याचा क्रमांक भरला. थोरल्या दादाचं नाव भरताना जरा थांबले, तो आता हे बघायला नाही. मग आत्याचं पान उघडलं. खाली पाच नावं आली, वयाच्या क्रमाने. थोरल्या दादापासून माझ्यापर्यंत.

नातेवाईक मंडळींना विनंती, आपापल्या घरातल्या लेकींची, सुनांची नावं माहेरच्या नावासह कळवा. आणि तुम्हाला कोणी सांभाळलं, तेही कळवा. रकाना तयार आहे.

चूकभूल द्यावी घ्यावी.