गिरणगावातील स्नायुवेदना आणि कोरड्या सुईचा उपचार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

मुंबईच्या गिरणी कामगारांचे संप, संघटना आणि चाळसंस्कृती यांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने कामगाराच्या शरीराचा इतिहास उपेक्षित राहिला. चिंचपोकळी, लालबाग, परळ या परिसरात पिढ्यान् पिढ्या सोसल्या गेलेल्या स्नायुवेदनेला कायदा आणि वैद्यक यांच्या लेखी कोणते स्थान होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वेदना आणि कायदा

साचेखात्यातील कामगार पूर्ण पाळी उभ्याने काम करी. एकाच हालचालीची सतत पुनरावृत्ती झाल्याने पाठ, मान व पोटऱ्या आखडत. उसण भरणे, गोळा येणे, कळ लागणे हे बोलीतील शब्दच या वेदनेच्या सार्वत्रिकतेची साक्ष देतात. मालिश, शेक आणि लेप हे तिचे घरगुती उपचार होत.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने तुटलेले बोट, गमावलेला हात यांचे मूल्य टक्केवारीत ठरविले. व्यवसायजन्य रोगांच्या परिशिष्टात प्रारंभी शिसे, फॉस्फरस यांच्या विषबाधेसारखे मोजके विकार होते. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसविकार पुढे त्यात आला. उभे राहून जडलेली पाठदुखी मात्र व्यवसायजन्य रोग म्हणून यादीत आली नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते सिद्ध करता येत नाही आणि सिद्ध न झालेल्या दुखण्याचा खाडा कामगाराच्याच पगारातून जातो, असा हा व्यवहार होता. 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्याने औषधोपचार व आजारपणाचा भत्ता दिला, ही मोठीच सुधारणा होती. तथापि भत्त्यासाठीही वैद्यकीय दाखला आवश्यकच होता.

व्हँकुव्हरचा अनुभव

नेमका हाच पेच कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डॉ. चॅन गन यांच्यापुढे होता. ते 1970 च्या दशकात तेथील कामगार नुकसानभरपाई मंडळाच्या सेवेत होते. इजेचा पुरावा नसताना पाठदुखी न थांबणारे कामगार त्यांनी तपासले. त्यांच्या मते, मणक्यातून निघणारी मज्जातंतूची मुळे बिघडली की स्नायू अतिसंवेदनशील होऊन आखूड होतात आणि त्यांत ताठ पट्टे तयार होतात. अशा पट्ट्यात औषधविरहित बारीक सुई टोचली असता स्नायू ती घट्ट धरतो, क्षणभर फडफडतो आणि नंतर सैल पडतो. या पद्धतीला त्यांनी स्नायूंतर्गत उद्दीपन हे नाव दिले. सुई ॲक्युपंक्चरचीच, परंतु टोचण्याची जागा शरीररचनाशास्त्र आणि मज्जातंतूंच्या तपासणीवरून ठरते. 1980 मध्ये 'स्पाइन' या नियतकालिकात त्यांनी व सहकाऱ्यांनी 56 पुरुष रुग्णांवरील तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. सुईचा उपचार मिळालेल्या गटात सुधारणा अधिक आढळली.

या उपचाराच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. पुढील संशोधनात अल्पकालीन आराम बऱ्याच अंशी दिसतो. दीर्घकालीन लाभाचा पुरावा दुबळा आहे. छातीलगत चुकीची सुई फुप्फुसाला इजा करू शकते.

समारोप

हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच वर्षांनी, 18 जानेवारी 1982 रोजी, गिरण्यांचा ऐतिहासिक संप सुरू झाला आणि पुढे बहुतेक गिरण्या बंद पडल्या. आज फिजिओथेरपीच्या दवाखान्यांतून कोरड्या सुईचा उपचार उपलब्ध आहे. पण ज्या पाठींना त्याची सर्वाधिक गरज होती, त्या साच्यावरून केव्हाच उतरल्या होत्या. गन यांच्या कार्याचे महत्त्व केवळ सुईत नाही. बोटांनी चाचपून ताठ पट्टा शोधणे म्हणजे कामगाराच्या तक्रारीला प्रथम खरे मानणे होय. दाखला नसलेली वेदना कागदपत्रांत सापडत नाही. म्हणून हयात असलेल्या कामगारांच्या मौखिक साक्षी नोंदविणे, हे परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांपुढील निकडीचे काम आहे.