मॅमी (साचेबद्ध प्रतिमा)

मॅमी ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील चित्रपट, साहित्य व जाहिरातींतून रूढ झालेली कृष्णवर्णीय स्त्रीची एक साचेबद्ध प्रतिमा आहे. स्थूल बांधा, गडद वर्ण, डोक्याला रुमाल, कमरेला पांढरा एप्रन आणि गौरवर्णीय मालकाच्या कुटुंबावरील अढळ निष्ठा ही तिची ठळक लक्षणे होत. स्वतःचे घर, अपत्ये किंवा आकांक्षा या व्यक्तिरेखेला सहसा दिल्या जात नाहीत.

उगम

या प्रतिमेची मुळे दक्षिणेकडील राज्यांतील गुलामगिरीत आहेत. यादवी युद्धाच्या (१८६१–१८६५) आधी व नंतर गुलामगिरीच्या समर्थकांनी ‘समाधानी दासी’चे चित्र रंगवले. प्रत्यक्षात मालकाच्या घरी राबणाऱ्या अनेक गुलाम स्त्रिया तरुण होत्या. त्यांची मुले कायद्याने मालकाची मालमत्ता ठरत आणि विकलीही जात. मॅमीच्या प्रतिमेत ही सक्ती झाकली जाऊन तिच्या जागी माया दिसते. १८८९ मध्ये सुरू झालेल्या ‘आंट जेमिमा’ या पॅनकेकच्या पिठाच्या व्यापारी नावामुळे ही प्रतिमा घरोघरी पोहोचली. १९२३ मध्ये वॉशिंग्टन येथे मॅमीचे स्मारक उभारण्याचे विधेयक सिनेटने संमत केले होते; मात्र कृष्णवर्णीयांच्या तीव्र विरोधानंतर ते प्रतिनिधिगृहात संमत झाले नाही.

चित्रपटांतील चित्रण

डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ (१९१५) या मूकपटात मॅमीची भूमिका चेहरा काळा रंगवलेल्या गौरवर्णीय अभिनेत्रीने केली होती. ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ (१९३४) मध्ये लुईस बीव्हर्स यांनी साकारलेल्या डेलायला या पात्राच्या पाककृतीवर मालकीण व्यवसाय उभारते; डेलायला मात्र तिच्याच घरी सेवा करत राहणे पसंत करते.

‘गॉन विथ द विंड’ (१९३९) मधील मॅमी हे या प्रतिमेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. चित्रपटात या पात्राला स्वतंत्र नाव नाही आणि गुलामगिरी संपल्यावरही ती ओ’हारा कुटुंबातच राहते. या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनिएल यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती होत. तथापि, वंशभेदाच्या कायद्यांमुळे अटलांटातील प्रथम खेळास त्या उपस्थित राहू शकल्या नाहीत आणि १९४० च्या पुरस्कार सोहळ्यात त्यांना सहकलाकारांपासून वेगळ्या मेजावर बसवण्यात आले.

रेडिओ व दूरचित्रवाणी

‘ब्यूला’ या मोलकरणीच्या पात्राला रेडिओवर प्रथम एका गौरवर्णीय पुरुषाने आवाज दिला होता. १९४७ पासून ती भूमिका मॅकडॅनिएल यांनी केली. १९५० मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत प्रारंभी एथेल वॉटर्स यांनी ब्यूला साकारली.

टीका

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या ‘एनएएसीपी’ या संघटनेचे नेते वॉल्टर व्हाइट यांनी १९४० च्या दशकात हॉलिवूडमधील अशा भूमिकांना विरोध केला. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या मॅकडॅनिएल यांनी आपल्या कामाचे समर्थन केले. चित्रपटसंस्थांकडून कृष्णवर्णीय अभिनेत्रींना मोलकरणीखेरीज फारशा भूमिका मिळत नसल्याने हा वाद अभिनेत्रींच्या उपजीविकेशीही निगडित होता.

अभ्यासक डोनाल्ड बोगल यांनी १९७३ च्या ग्रंथात मॅमीची गणना चित्रपटांतील कृष्णवर्णीयांच्या पाच प्रमुख साच्यांत केली. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हिल कॉलिन्स यांच्या मते अशा प्रतिमा कृष्णवर्णीय स्त्रियांचे शोषण स्वाभाविक भासवतात.

नंतरचा काळ

‘ज्युलिया’ (१९६८–१९७१) या मालिकेत डायॅन कॅरोल यांनी परिचारिकेची प्रमुख भूमिका केली. मॅकडॅनिएल यांच्यानंतर ऑस्कर मिळवणारी दुसरी कृष्णवर्णीय अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग ठरल्या. त्यांना तो १९९१ मध्ये मिळाला. ‘द हेल्प’ (२०११) मधील मोलकरणीच्या भूमिकेसाठी ऑक्टेव्हिया स्पेन्सर यांना हाच सन्मान मिळाला, तेव्हा जुन्या साच्याची चर्चा पुन्हा झाली. ‘आंट जेमिमा’ हे नाव २०२१ मध्ये बदलण्यात आले.