बाळाला उचलताना मनगटात कळ येते? 'मॉमी थंब' म्हणजे काय आणि त्यावर उपाय काय?

बाळाला पाळण्यातून उचललं की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. मग लंगोट पिळताना, भाकरी थापताना, बाटलीचं झाकण फिरवतानाही दुखायला लागतं. घरात कुणी म्हणतं 'लचक भरली असेल', कुणी म्हणतं 'बाळंतपणानंतर असं होतंच'. आणि दुखणं अंगावर काढलं जातं.

पण या दुखण्याला नाव आहे, कारण आहे आणि उपचारही आहेत.

नेमकं काय होतं?

अंगठा बाजूला ताणणाऱ्या आणि वर उचलणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेने जातात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. आपण बोलताना तिलाच 'नस' म्हणतो. या दोन दोऱ्या एका अरुंद बोगद्यातून सरकतात. तेच काम पुन्हा पुन्हा झालं की बोगद्याचं आवरण जाड होतं, दोऱ्या घासू लागतात आणि दुखतं.

स्वित्झर्लंडचे सर्जन फ्रिट्झ डी क्वेरव्हेन यांनी १८९५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर याला 'डी क्वेरव्हेन टेनोसायनोव्हायटिस' म्हणतात. बोलीतलं नाव 'मॉमी थंब'. कपडे पिळणाऱ्या बायकांमध्ये दिसायचा म्हणून इंग्रजीत याला 'धोबिणीची लचक' असंही म्हटलं जायचं.

नव्या आई-बाबांनाच का?

बाळाच्या काखेत हात घालून उचलताना अंगठा इतर बोटांपासून लांब ताणलेला असतो आणि मनगट वाकलेलं असतं. सगळा भार त्याच दोन कंडरांवर येतो. त्यात बाळाचं वजन साधारण पाचव्या महिन्यात जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. म्हणजे उचलणं थांबत नाही, भार मात्र वाढत जातो.

बाळंतपणानंतर शरीरात होणारे बदलही कारणीभूत असावेत असं मानलं जातं. पण फक्त आईलाच होतं असं नाही. बाळ सांभाळणारे बाबा, आजी-आजोबा यांनाही होतं. एका हातावर बाळ आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मोबाईल, ही सवय त्यात भर घालते.

जालना जिल्ह्यात आणखी एक गोष्ट जोडली जाते. कापूस वेचणी असो की भोकरदन भागातली मिरची तोडणी, दोन्ही कामं अंगठा आणि बोटांच्या चिमटीनेच होतात. त्यावर पाण्याचे हंडे, धुणं, भाकरी. लहान बाळ असलेली आई शेतात परतली की दुखऱ्या मनगटाला दिवसभर आराम मिळतच नाही.

ओळखायचं कसं?

- अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या हाडावर दाबलं की दुखतं, कधी सूजही दिसते.
- अंगठा मुठीत ठेवून मनगट करंगळीकडे हळूच झुकवलं की जोरात कळ येते. निरोगी हातालाही थोडा ताण जाणवतो, म्हणून दोन्ही हातांची तुलना करा. जोर लावू नका.
- वस्तू धरताना किंवा पिळताना दुखणं वाढतं.

निदान बहुतेक वेळा हात तपासूनच होतं.

घरी काय करता येईल?

उचलायची पद्धत बदला. तळवे वरच्या बाजूला ठेवा, अंगठा बोटांना चिकटलेला आणि मनगट सरळ. एक हात बाळाच्या मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली घालून बाळाला छातीजवळ घ्या. भार मनगटावर नाही, कोपरापर्यंतच्या हातावर यायला हवा.

दूध पाजताना बाळाचं डोकं पंज्यावर तोलून धरू नका. मांडीवर उशी किंवा गोधडीची घडी ठेवा.

पट्टा घ्या, पण योग्य. साधा मनगटाचा पट्टा अंगठा मोकळाच ठेवतो. अंगठाही स्थिर ठेवणारा 'थंब स्पायका स्प्लिंट' मागा. तो साधारण ३ ते ६ आठवडे वापरायला सांगतात.

बर्फ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटं शेका.

जोरात मालीश नको. 'नस बसवून' घेण्यासाठी मनगट ओढणं, मोडणं यामुळे सूज वाढू शकते.

अंगावर पाजत असाल तर दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नका. पाजताना चालणारी वेदनाशामकं आहेत, ती डॉक्टरांना विचारून घ्या. मलम लावलं तर ते बाळाच्या तोंडात जाणार नाही हे पाहा.

डॉक्टर काय करतात?

पट्टा आणि आरामाने फरक पडला नाही तर बोगद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. बऱ्याच जणांना त्याने आराम पडतो. त्या जागची त्वचा फिकट होऊ शकते आणि मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढू शकते. मधुमेह आहे किंवा बाळाला पाजता हे आधीच सांगा. तरीही दुखणं राहिलं तर छोट्या शस्त्रक्रियेने बोगदा मोकळा करतात.

हा आजार कायमचा अधूपणा नाही. बाळंतपणानंतर सुरू झालेलं दुखणं अनेकींचं काही महिन्यांत कमीही होतं. पण रोज तोच ताण पडत राहिला तर ते लांबत जातं.

हे दिसलं तर थांबू नका

- अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा. यात दुसरी नस दबलेली असू शकते.
- सकाळी अनेक सांधे बराच वेळ आखडणं. बाळंतपणानंतर संधिवात सुरू होऊ शकतो.
- लाली, ताप किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं.

जालन्यात कुठे जायचं?

बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात. पुढे बाळाच्या ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यातही भेट असते. चौकशी बाळाची असली तरी आपलं मनगट त्यांना दाखवा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवता येतं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

घरच्यांसाठी

या आजारात आराम हाच पहिला उपचार आहे आणि तो एकट्या आईला स्वतःहून घेता येत नाही. बाळाला आंघोळ घालणं, लंगोट पिळणं, हंडा उचलणं, रात्री बाळाला उचलून आईजवळ देणं, ही कामं बाबांनी आणि घरातल्या इतरांनी काही आठवडे घेतली तरच पट्ट्याचा उपयोग होतो. 'सहन कर' म्हणण्याऐवजी बाळाला आपल्याकडे घ्या.