राहुटीतला हिवाळा

दिवाळी उलटली की दख्खनच्या पठारावरच्या वाटा मोकळ्या होतात. बिदर शहराला लागून असलेल्या मैलूरच्या बाजूस उभे राहिले, तर पायाखाली जांभ्याची तांबडी जमीन असते. तेथून दक्षिणेकडे कलबुर्गी, जेवरगी असे उतरत भीमेच्या खोऱ्यात गेले, की काळी चिकण माती लागते. पावसाळ्यात ही काळी माती पूर्वी गाडीचे चाक सोडीत नसे. त्यामुळे व्यापारी असो, यात्रेकरू असो, की सरकारी अंमलदार असो, प्रत्येकाला रस्ते वाळेपर्यंत थांबावे लागे. हिवाळा हा आपल्याकडे शेकोटीचा हंगाम आहे, तसाच तो शतकानुशतके फिरतीचाही हंगाम होता. या हंगामात राहुटीलाच घर मानून राहिलेली माणसे त्या मुक्कामात कोणते काम करीत, आणि ते काम नेमके कोणाच्या श्रमावर उभे असे, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

हा विचार सुचण्यास निमित्त झाले ते दूर देशीच्या एका चालीचे. अमेरिकेत नोकरीतून निवृत्त झालेली अनेक जोडपी थंडी पडू लागताच उत्तरेकडचे घर बंद करतात आणि चाकांवरच्या घरात बसून दक्षिणेची वाट धरतात. स्वयंपाकाची चूल, निजण्याची जागा, पाण्याची टाकी असे सगळे त्या मोटारघरात असते. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उबदार राज्यांतील सरकारी उद्यानांत ही मंडळी महिना-दोन महिने, कधी सारा हिवाळा मुक्काम ठोकतात. उद्यान त्यांना गाडी उभी करण्यास जागा, पाणी आणि वीज देते. त्या बदल्यात ती आठवड्यातील ठरलेले तास काम करतात. आलेल्या पाहुण्यांना वाट दाखवणे, पायवाटांवरची झुडपे तोडणे, तंबूंच्या जागा झाडून ठेवणे, मोडलेली बाके दुरुस्त करणे, असे ते काम असते. यांतील कित्येक उद्याने १९३३ ते १९४२ या मंदीच्या आणि युद्धाच्या काळात सरकारने उभारलेल्या तरुण बेकारांच्या दलाने घडवली. त्या तरुणांना वेतन मिळत असे. पुढे राष्ट्रीय उद्यानांत विनावेतन स्वयंसेवक घेण्यासाठी तेथे १९७० साली स्वतंत्र कायदाच झाला.

हे ऐकून आपल्याला नवल वाटते. घरदार सोडून थंडीचे दिवस परक्या मुलखात काढावेत आणि तेथे केर काढावा, ही हौस कसली, असे कोणी विचारील. परंतु फिरत्या बिऱ्हाडाने एखाद्या स्थळाची निगा राखावी, ही गोष्ट आपल्या मुलखाला अगदीच अपरिचित नाही. तिचा एक मोठा बोधप्रद दाखला कलबुर्गीच्या दक्षिणेस, सुरपूरच्या परिसरात सापडतो.

एकोणिसाव्या शतकातील अंमलदाराची फिरती म्हणजे एक चालते गावच असे. राहुट्या, कनाती, मेखा, दोरखंड, भांडी, दप्तराच्या पेट्या असा सारा पसारा बैलगाड्यांवर आणि उंटांवर चाले. तंबू ठोकणारे खलाशी निराळे असत. ज्याची ऐपत असे तो अंमलदार तंबूंचे दोन संच बाळगी. एका संचात साहेब रात्री निजला असता दुसरा संच पुढच्या मुक्कामाकडे निघालेला असे, म्हणजे सकाळी घोड्यावरून पोचताच राहुटी उभी सापडे. सकाळी पाहणी, दुपारी कज्जे आणि जमाबंदी, असा दिवस सरे. संध्याकाळ मात्र मोकळी असे. ही मोकळी संध्याकाळ कोणी शिकारीत घालवी, कोणी पत्ते खेळण्यात. मेडोज टेलर यांनी ती दगडांना दिली.

फिलिप मेडोज टेलर यांचा जन्म १८०८ साली लिव्हरपूल येथे झाला. १८२४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते एका व्यापाऱ्याच्या पेढीवर काम करण्यासाठी मुंबईस आले. पेढीचे मनासारखे जमले नाही आणि ते निझामाच्या फौजेत दाखल झाले. ठगांच्या जीवनावरील त्यांची कादंबरी १८३९ साली प्रसिद्ध होऊन विलायतेत गाजली. त्यानंतर थोड्याच काळात त्यांची नेमणूक सुरपूर संस्थानात झाली. तेथील बेरड राजा वेंकटप्पा नायक हा अज्ञान मुलगा होता. त्याच्या वतीने १८५३ सालापर्यंत कारभार पाहण्याचे काम टेलर यांच्याकडे होते. नंतर ते आपल्या नळदुर्गास आले आणि तेथील जिल्ह्याचा कारभार त्यांनी पाहिला. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. जमिनीची मोजणी, नकाशे काढणे, रस्ते आखणे, हे सारे ते काम करता करता शिकले.

सुरपूरच्या आसपास फिरताना त्यांच्या नजरेस काही विलक्षण गोष्टी पडल्या. राजनकोळूर गावाजवळ मोठमोठ्या शिळा उभ्या करून त्यांवर छपरासारखी शिळा ठेवलेली, अशी दगडी घरे होती. शहापूरजवळ विभूतिहळ्ळी येथे ओळीने मांडलेले प्रचंड धोंडे होते. भीमेच्या काठच्या मुलखात, जेवरगीजवळ, धोंड्यांच्या वर्तुळांखाली जुनी दफने होती. कन्नड मुलखात अशा दगडी घरांना लोक ‘मोरेर मने’ म्हणतात, म्हणजे मोरेर नावाच्या कोण्या बुटक्या लोकांची घरे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो नांगराला आडवा येणारा दगड, आणि सरकारच्या दृष्टीने त्यावर सारा बसत नसल्यामुळे तो नसल्यासारखाच.

टेलर यांनी या स्थळांची मापे घेतली, चित्रे काढली, काही दफने काळजीपूर्वक उकरून पाहिली. सांगाडे कोणत्या दिशेने होते, मातीची भांडी कोठे ठेवली होती, वरचा थर कोणता आणि खालचा कोणता, हे त्यांनी लिहून ठेवले. उकरलेल्या जागेचा उभा छेद काढून त्यातील थर चित्रात दाखवण्याची पद्धत त्यांनी वापरली, त्या वेळी उत्खननशास्त्र अजून बाल्यावस्थेत होते. हे वृत्तांत १८५० नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. पुढे शंभर वर्षांनी, १९५४ साली, मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खननाच्या पद्धतीवरील आपल्या ग्रंथात टेलर यांच्या या छेदचित्रांची आदराने दखल घेतली. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्यानेही, गुलाम यझदानी यांच्या संपादनाखाली, टेलर यांचे हे लेखन १९४१ साली पुन्हा प्रसिद्ध केले.

यातील मर्म असे, की हे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते. पगार कारभाराचा होता, दगडांचा नव्हता. राहुटी त्या दगडांच्या शेजारी पडली, संध्याकाळी दुसरे काही करण्यासारखे असूनही त्यांनी हे केले, आणि म्हणून एका अनाम समाजाच्या स्मशानाची नोंद राहिली. स्थळाच्या शेजारी काही दिवस निजल्याखेरीज त्याची ओळख होत नाही. धावत्या पाहुण्याला दगड दिसतो, मुक्काम करणाऱ्याला त्या दगडाची सकाळ आणि संध्याकाळ दिसते.

तथापि श्रोतेहो, इतके सांगून थांबलो तर मी तुम्हांला अर्धेच सांगितले असे होईल. ती राहुटी तेथे आली कशी? ती वाहणारे बैल कोणाचे होते? अंमलदाराच्या फिरतीसाठी गावोगाव गाड्या धरल्या जात. कोंबड्या, दूध, सरपण, वैरण अशी रसद गावाने पुरवावी, असा रिवाज असे. कधी दाम मिळे, कधी मधल्या शिपायाच्या हाती राही, कधी काहीच मिळत नसे. या प्रथेचे नाव वेठ. निझामाच्या राज्यात वेठबिगारीने गोरगरिबांचे कंबरडे मोडले होते. इकडे मुंबई इलाख्यात सरकारी सामान वाहण्याचे आणि अंमलदाराच्या दिमतीस राहण्याचे ओझे वतनाच्या नावाखाली महार समाजाच्या माथी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले, ते याच दास्यातून आपल्या लोकांना सोडवण्यासाठी. स्वतंत्र भारताच्या संविधानाने तेविसाव्या अनुच्छेदात वेठबिगारीला मनाई केली. एखाद्या साहेबाच्या सुंदर छंदाची कथा सांगताना, त्याच्या तंबूची मेख ज्याने ठोकली त्याला रात्री भाकरी मिळाली की नाही, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

टेलर हे मनाने सहृदय होते. सुरपूरचा तरुण राजा त्यांना ‘अप्पा’ म्हणत असे. १८५८ साली त्याच राजाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरले, तो पकडला गेला, आणि कैदेत नेला जात असता गोळी लागून त्याचा अंत झाला. या घटनेने टेलर यांना फार दुःख झाले. परंतु सत्तेच्या राहुटीतून केलेल्या सेवेला सत्तेची सावली चुकत नाही, हेच त्यातून दिसते. व्यक्ती भली असली, तरी तिच्या भलेपणाने वेठ न्याय्य ठरत नाही.

मग सत्तेवाचून, वेठीवाचून, फिरत्या बिऱ्हाडाने स्थळाची सेवा करणारे आपल्याकडे कोणी झालेच नाही काय? झाले, आणि तेही आपल्या अगदी जवळच्या काळात. संत गाडगे महाराजांच्या अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि गाडगे. एखाद्या गावी गेले की दिवसा ते तेथील रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. यात्रेच्या ठिकाणी देवळातल्या गर्दीपेक्षा नदीकाठच्या घाणीकडे त्यांचे लक्ष आधी जाई. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र अखेरपर्यंत फिरस्तेच राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी, ऐन हिवाळ्यात, अमरावतीच्या वाटेवर मोटारीत प्रवास करीत असताना त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या फिरतीसाठी कोणाच्या गाड्या धरल्या गेल्या नाहीत. त्यांनी कोणाकडून सक्तीने काम करवून घेतले नाही. स्वतः खराटा हाती घेतला, आणि तो पाहून गाव आपोआप मागे आले.

टेलर यांची राहुटी आणि गाडगे महाराजांचा खराटा शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे त्या अमेरिकन जोडप्यांच्या चालीकडेही डोळसपणे पाहता येते. जागा आणि वीज देऊन काम घेणे, ही वेठ आहे काय? नाही, कारण त्यांना नको वाटले तर ती सकाळी गाडी सुरू करून निघून जाऊ शकतात. वेठीला धरलेल्या माणसाला नेमके हेच करता येत नसे. परंतु एक आक्षेप उरतोच. स्वयंसेवक फुकट मिळतात म्हणून सरकारने पगारी रखवालदार काढून टाकले, तर एकाची सेवा दुसऱ्याच्या पोटावर येते. तेव्हा सेवेच्या दोन कसोट्या मानाव्या लागतील. ती नाकारण्याची मोकळीक असली पाहिजे, आणि तिने कोणाची मजुरी बुडता कामा नये. या दोन्ही कसोट्यांना उतरेल ती सेवा, मग ती तासा-दोन तासांची का असेना.

आता पुन्हा मैलूरला येऊ. १९४८ साली निझामाचे राज्य संपले. १९५६ साली भाषावार प्रांतरचना होऊन बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर आपल्याकडे आले. सीमा नकाशावर पडली. परंतु बिदरचा किल्ला, महमूद गवानाने १४७२ साली पुरा केलेला मदरसा, आणि शहराजवळच्या नौबादचा करेझ, हे दोन्ही बाजूंच्या लोकांचे धन आहे. गवान हाही इराणातील गिलानहून व्यापारासाठी आलेला एक परदेशी फिरस्ताच होता. आला होता सौदा करण्यास, आणि मागे ठेवून गेला ते विद्यालय.

करेझ म्हणजे जमिनीखालून पाणी वाहून नेणारा बोगदा. त्यात प्रकाश आणि हवा यावी म्हणून वरून ठिकठिकाणी विहिरीसारखी भोके पाडलेली असतात. बहमनी काळातील हा बिदरचा करेझ कित्येक वर्षे गाळाने आणि कचऱ्याने बुजला होता. २०१० नंतरच्या दशकात जिल्हा प्रशासन, अभ्यासक आणि शहरातील उत्साही नागरिक यांनी तो साफ करण्याचे काम हाती घेतले. पाचशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी जांभ्यात खोदलेली ती वाट पुन्हा माणसांच्या दृष्टीस पडली. सुरपूर-शहापूरकडच्या धोंड्यांचे भाग्य मात्र इतके बलवत्तर नाही. दख्खनमधील अशी महापाषाणयुगीन स्थळे दगडांच्या खाणी आणि वाढती शेती यांपायी एकामागून एक नाहीशी होत आहेत. सरकारने फलक लावला, तरी फलक रात्री जागत नाही. तेथे माणूसच असावा लागतो.

हिवाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडच्या शाळा-महाविद्यालयांच्या सहली निघतात. दिवसाला चार स्थळे पाहून मुले थकून घरी येतात. त्याऐवजी एखाद्या वर्षी एकाच स्थळी तीन रात्रींचा मुक्काम करावा. नळदुर्गचा किल्ला घ्या, औशाचा घ्या, बिदरचा घ्या. तेथील रखवालदाराशी आधी बोलावे, पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी, त्यांनी सांगितलेले काम करावे आणि न सांगितलेल्या दगडाला हात लावू नये. आपली राहुटी आपण ठोकावी, आपले पाणी आपण आणावे, गावातून घेतलेल्या दुधाचे दाम रोख द्यावे. निघताना जागा आली होती त्याहून स्वच्छ ठेवावी. टेलर यांची चौकस नजर आणि गाडगे महाराजांचा खराटा, या दोहोंचा मेळ घालण्यास तीन रात्री पुरणार नाहीत. सुरुवात करण्यास मात्र त्या पुष्कळ आहेत.