रंगला म्हणून पकडला

लाल शाई, लिपस्टिक, व्हॅन गॉगच्या चित्रांतला विटून गेलेला गुलाबी आणि दर आठवड्याला पोटात किंवा मांडीत टोचून घ्यायचं एक इंजेक्शन. यातल्या पहिल्या तिन्हींत इओसिन नावाचा रंग प्रत्यक्ष होता. चौथ्यात त्याचा थेंबही नाही, आणि तरी तो नसता तर हे इंजेक्शन ज्या आजारावर देतात त्याला आज कदाचित वेगळंच नाव असतं.

आजार आहे इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस, डॉक्टरांच्या तोंडी नुसतं ‘इओई’. अन्ननलिकेला वर्षानुवर्षं सूज राहते. बहुतेकदा दूध किंवा गव्हासारख्या रोजच्या अन्नाला शरीराने दिलेली ती ॲलर्जीची प्रतिक्रिया असते. घास छातीत अडकतो. मग माणूस बारीक चावायला लागतो, घासागणिक पाणी पितो, पंगतीत सगळ्यांच्या मागून उठतो, आणि घरचे त्याला ‘सावकाश जेवणारा’ म्हणून मोकळे होतात. एखाद्या दिवशी मटणाचा तुकडा अडकून बसला की मग एंडोस्कोपी होते.

आता रंगाकडे. १८७४ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिश कारोने फ्लुओरेसिनमध्ये ब्रोमिन घालून झगझगीत गुलाबी रंग मिळवला आणि त्याला इओसिन म्हटलं. ग्रीकांच्या उषादेवीचं, इओसचं, हे नाव. रंग पहाटेच्या आभाळासारखा म्हणून, अशी सभ्य व्युत्पत्ती कोशांत मिळते. दुसरी कथा अशी की कारोची आना पेटर्स नावाची बालमैत्रीण होती आणि तिला लाडाने इओस म्हणत. दोन्ही पक्ष एकमेकांना खोडून काढायला बघतात, पण भांडण तसं लुटुपुटीचंच. त्या मुलीचं लाडकं नावही देवीवरूनच आलेलं असणार. प्रश्न एवढाच, की नाव ठेवताना कारोच्या डोळ्यांसमोर आभाळ होतं की आना. दुसऱ्या कथेच्या बाजूने झुकावंसं वाटतं. रंग-कारखान्यातल्या माणसालाही बालपण असतंच की.

१८७९ साली पाउल एर्लिशने हा रंग रक्तावर टाकून पाहिला. एका जातीच्या पांढऱ्या पेशीतले दाणे तो अधाशासारखे पीत होते. तिचं नाव पडलं इओसिनोफिल. खरं तर या भरड दाण्यांच्या पेशी व्हार्टन जोन्सने १८४६ सालीच पाहिल्या होत्या. पण तेव्हा त्या बिनरंगी होत्या, म्हणून त्यांचं फारसं कोणाला काही वाटलं नाही.

आजही कुठल्याही गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोप्सीचा तुकडा हेमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या जोडीनेच रंगवतात. काचपट्टीवर अन्ननलिकेचं अस्तर फिकट दिसतं, केंद्रकं जांभळी, आणि मध्येच लालभडक दाण्यांनी भरलेल्या, दुभागलेल्या केंद्रकाच्या पेशी. नजर दुसरीकडे वळतच नाही. निरोगी अन्ननलिकेत त्या सहसा नसतातच. मोठ्या भिंगाखालच्या एका क्षेत्रात पंधरा किंवा जास्त दिसल्या तर इओईचा संशय घट्ट होतो.

तरी सुरुवातीला या पेशीवर वेगळाच गुन्हा दाखल होता. १९८२ साली ती आम्लपित्ताच्या जळजळीची खूण ठरली. १९९३ मध्ये ॲटवुड यांनी, १९९४ मध्ये स्वित्झर्लंडच्या श्ट्राउमान यांनी हा स्वतंत्र आजार असल्याचं मांडलं, आणि १९९५ मध्ये नेहमीचं अन्न थांबवून खास फॉर्म्युल्यावर ठेवलेली मुलं सुधारल्याने अन्नाशी असलेलं नातं उघड झालं.

इथून पुढे तर्काची बाजू. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली गेली असावी, असं मानायला जागा आहे. ही पेशी इंटरल्यूकिन-५ या संदेशवाहक प्रथिनावर पोसते. ते अडवणारं मेपोलिझुमॅब हे औषध इओईच्या रुग्णांना दिलं, तर पेशी घटल्या, पण आराम जेमतेमच. नंतर बेनरॅलिझुमॅब आलं, ते थेट या पेशीचाच काटा काढणारं. चाचणीत सुमारे ८७ टक्के रुग्णांची अन्ननलिका पेशींच्या हिशेबाने साफ झाली. खोट्या इंजेक्शनच्या गटात हे प्रमाण साडेसहा टक्के होतं. गिळण्याच्या त्रासात मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

मग खरा सूत्रधार कोण? सिनसिनाटीच्या रोथेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने बोट दाखवलं इंटरल्यूकिन-१३ कडे. ते अस्तराचे सांधे सैल करतं आणि इओटॅक्सिन-३ हा बोलावणं धाडणारा रेणूही अस्तराकडूनच बनवून घेतं. म्हणजे लाल दाण्यांच्या या पेशी आमंत्रणावरून आलेल्या. इंटरल्यूकिन-४ आणि १३ या दोघांच्या रिसेप्टरमध्ये आल्फा हा एक भाग सामायिक असतो, आणि ड्युपिलुमॅब नेमका तोच अडवतं. रीजेनेरॉन आणि सनोफी यांचं हे औषध अन्ननलिकेसाठी जन्मलेलंच नव्हतं. २०१७ साली ते त्वचेच्या एक्झिमासाठी आलं, मग दम्यासाठी, मग नाकातल्या पॉलिपसाठी. मे २०२२ मध्ये अमेरिकेत इओईसाठी, १२ वर्षांवरच्या आणि किमान ४० किलो वजनाच्या रुग्णांना, आठवड्याला ३०० मिलिग्रॅम अशी परवानगी मिळाली. २०२४ मध्ये वयाची अट एक वर्षापर्यंत खाली आली. चाचणीत सुमारे ६० टक्के रुग्णांत पेशी सहा किंवा त्याखाली गेल्या, आणि घासही सुखाने उतरू लागला.

पण याच चाचणीत एक अडचण लपली आहे. पंधरवड्याला इंजेक्शन घेणाऱ्यांतही पेशी तितक्याच घटल्या. गिळणं मात्र लक्षणीय सुधारलं नाही. संन्याशाच्या सिद्धांताला हे पोषकच, असं कोणी म्हणेल. विरोधकांचं उत्तर वेगळं: या पेशी जाण्याआधी आपले विषारी दाणे ओतून जातात, अस्तराखाली व्रणासारखा ताठरपणा उरतो, आणि तो हटायला काही महिने पुरत नाहीत. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. संन्यासी अगदी निर्दोष नसेलही. मुख्य आरोपी तो नाही, एवढंच म्हणणं.

मुळात या पेशींचं आणि इंटरल्यूकिन-४, १३ यांचं जुनं काम जंतांशी लढण्याचं. त्याची साक्ष भारतातलीच आहे. १९४३ साली वाइनगार्टन यांनी इथल्या रुग्णांवरून ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव रूढ केलं. रात्रीचा खोकला, धाप आणि रक्तात याच पेशींचा महापूर. आपल्याकडे घरोघरी ‘इस्नोफिलिया’ म्हणतात त्यातला हा एक प्रकार. उतारा योगायोगाने सापडला, निओआर्सफेनामिन, म्हणजे एर्लिशच्याच साल्व्हरसान या औषधाचा धाकटा भाऊ. पेशीला नाव देणाऱ्याच्या घराण्यातलं औषध त्याच पेशीच्या आजारावर लागू पडलं! मागाहून कळलं की या आजाराच्या मुळाशी हत्तीरोगाचे कृमी होते. जंतांशी लढणारे हेच इंटरल्यूकिन ड्युपिलुमॅब अडवतं, म्हणूनच त्याच्या माहितीपत्रकात अट असते, की अंगात जंत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, मगच पहिली सुई.