इसे-यात्रेतील एकटा यात्रेकरू : देवस्थान, अन्न आणि दान (इ. स. १६५० ते १८७१)

प्रस्तावना :

जपानच्या आधुनिकपूर्व सामाजिक इतिहासात इसे येथील महादेवस्थानाच्या यात्रेला असाधारण स्थान आहे. एदो काळात (इ. स. १६०३ ते १८६८) शेतकरी, कारागीर, व्यापारी, नोकरचाकर अशा सर्व थरांतील लोकांनी ही यात्रा केली. या यात्रेचा अभ्यास प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला दिसतो. एक अंग संघटित यात्रेकरू मंडळांचे, तर दुसरे लाखोंच्या आकड्यांनी नोंदल्या गेलेल्या जनप्रवाहांचे. या दोहोंच्या मध्ये एक व्यक्ती हरवते. ती म्हणजे घरच्यांची व धन्याची परवानगी न घेता, गाठीला पैसा नसताना, एकट्याने वाट धरणारा यात्रेकरू. त्याच्या यात्रेला जपानी भाषेत ‘नुकेमाइरी’, म्हणजे निसटून केलेली यात्रा, असे नाव आहे. असा मनुष्य इसेपर्यंत पोहोचत कसा होता आणि वाटेत खात काय होता, या प्रश्नांच्या आधारे सदर यात्रेचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. अन्नाचा प्रश्न येथे गौण नाही. इसेच्या बाबतीत तर तो देवस्थानाच्या उत्पत्तिकथेतच अंतर्भूत आहे.

एकटीने न जेवणारी देवता :

इसे येथे दोन मुख्य देवस्थाने आहेत. आतले देवस्थान ‘नाइकू’ हे सूर्यदेवता अमातेरासूचे, तर सुमारे पाच किलोमीटर अंतरावरील बाहेरचे देवस्थान ‘गेकू’ हे अन्नदेवता तोयोउके हिचे. गेकूच्या स्थापनेची कथा इ. स. ८०४ मध्ये सिद्ध झालेल्या ‘तोयुकेगू गिशिकिचो’ या विधिग्रंथात येते. अमातेरासू सम्राट युर्याकूच्या स्वप्नात आली. एकाच जागी एकटीने राहणे कष्टाचे होते, जेवणही सुखाने होत नाही, म्हणून तांबा प्रांतातील अन्नदेवतेला आपल्याजवळ आणावे, असे तिने सांगितले, असा तिचा आशय आहे. परंपरेने ही घटना इ. स. ४७८ ची मानली जाते. या सनाला ऐतिहासिक पुरावा नाही, परंतु कथेचे महत्त्व सनावर अवलंबून नाही. देवतेलाही एकटीने जेवण गोड लागत नाही, ही कल्पना एका राष्ट्रीय देवस्थानाच्या मुळाशी असावी, ही बाब लक्षणीय आहे.

या कथेला अनुसरून गेकूमध्ये रोज सकाळी व दुपारनंतर असा दोन वेळा नैवेद्य दाखविला जातो. त्यासाठी अग्नी लाकडावर लाकूड घासून निर्माण करतात, पाणी ठरावीक पवित्र विहिरीतून आणतात आणि मीठ फुतामी किनाऱ्यावरील देवस्थानाच्या मिठागरातून येते. भात, सुकवलेला कात्सुओ मासा, ताजे मासे, समुद्री शेवाळ, भाज्या, फळे, मीठ, पाणी व तांदळाची दारू असे या नैवेद्याचे स्वरूप आहे. त्यात मसाल्याचा गंध नाही. पदार्थ साधे, पण त्यांच्यामागील श्रम प्रचंड. यात्रेकरूने आधी गेकूचे व नंतर नाइकूचे दर्शन घ्यावे असा जो क्रम रूढ आहे, त्याचा अर्थही या पार्श्वभूमीवर उलगडतो.

मंडळाचा यात्रेकरू आणि निसटलेला यात्रेकरू :

मध्ययुगात युद्धांमुळे देवस्थानाचे उत्पन्न आटले. इ. स. ६९० पासून साधारणतः दर वीस वर्षांनी होणारी मंदिराची पुनर्बांधणीही पंधराव्या-सोळाव्या शतकांत शंभरहून अधिक वर्षे खंडित झाली. या अडचणीतून ‘ओन्शी’ नावाच्या पुजारीवर्गाचा विस्तार झाला. हे लोक गावोगाव फिरून देवस्थानाचे पवित्र पत्रक व पंचांग वाटत, दक्षिणा गोळा करीत आणि आपापले यजमान बांधून घेत. गावात ‘इसे-को’ नावाची मंडळे उभी राहिली. या मंडळाचे काम बरेचसे भिशीसारखे चाले. सर्वांनी थोडी थोडी रक्कम जमवायची, चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचे नाव निघेल त्याने सर्वांच्या वतीने इसेला जायचे. एदोपासून इसेपर्यंत पायी एका वाटेला सुमारे पंधरा दिवस लागत, हे ध्यानात घेता ही व्यवस्था अपरिहार्य होती.

मंडळाचा प्रतिनिधी इसेला पोहोचला की ओन्शीच्या वाड्यात त्याचा पाहुणचार होई. समुद्रातील उंची मासे, शिंपलाहारी पदार्थ, एकामागून एक येणारी ताटे आणि रेशमी अंथरुणे, असा तो थाट होता. जन्मभर भरड धान्यावर राहिलेल्या शेतकऱ्यासाठी हे जेवण देवदर्शनाइतकेच स्मरणीय ठरत असणार. मात्र त्याची किंमत गावाने आधीच मोजलेली असे.

निसटलेल्या यात्रेकरूला यातले काहीच उपलब्ध नव्हते. त्यात दुकानातील पोरगे नोकर, मोलकरणी, मुले आणि विवाहित स्त्रियाही असत. प्रवासासाठी ‘तेगाता’ हा परवाना लागे. तोकाइदो मार्गावरील हाकोने व अराई येथील नाक्यांवर स्त्रियांची तपासणी विशेष कडक असे. तरीही लोक निसटत. इसेचे पवित्र पत्रक घेऊन परतलेल्याला धन्याने वा आईबापांनी शिक्षा करू नये, असा लोकसंकेत होता. इ. स. १६९० ते १६९२ या काळात जपानमध्ये राहिलेला जर्मन वैद्य एंगेलबर्ट केम्फर याने तोकाइदो मार्गावर भीक मागत जाणारे इसेचे यात्रेकरू पाहिले होते. घरी काही आगळीक करून इसेला पळणाऱ्या मुलांचाही तो उल्लेख करतो. केम्फर स्वतः इसेला गेला नव्हता, म्हणून देवस्थानाविषयीची त्याची माहिती ऐकीव आहे. रस्त्याविषयीची मात्र प्रत्यक्षदर्शी आहे.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. जातिनिष्ठ व स्थाननिष्ठ शिस्तीवर उभ्या असलेल्या तोकुगावा राजवटीने ही पळवाट का खपवून घेतली? भक्तीला आडकाठी करणे अशुभ, हे उत्तर पुरेसे नाही. ज्या समाजात नोकराला वर्षातून मोजक्याच सुट्ट्या मिळतात आणि सुनेला माहेराखेरीज कोठे जाता येत नाही, त्या समाजाला अशी एखादी फट लागतेच. ती नसती तर भिंत लवकर कोसळली असती. राजवटीला हे जाणवत असावे.

ओगराळे आणि भाताचा मुटका :

साधारणतः साठ वर्षांच्या अंतराने या यात्रेला पूर येई. इ. स. १६५०, १७०५, १७७१ व १८३० ही त्यांतील प्रमुख वर्षे होत. या लाटांना ‘ओकागे-माइरी’ म्हणतात. ‘कागे’ म्हणजे सावली. देवाच्या किंवा इतरांच्या सावलीमुळे, म्हणजे कृपेमुळे, घडलेली ती ‘ओकागे’ यात्रा होय. मराठीतील ‘कृपाछत्र’ या शब्दाशी ही कल्पना जुळते.

इ. स. १७०५ मध्ये पन्नास दिवसांत ३६ लाख २० हजार लोक इसेकडे गेले, असा आकडा मोतोओरी नोरिनागा याने ‘तामाकात्सुमा’ या ग्रंथात दिला आहे. हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. नोरिनागा हा इसेच्या वाटेवरील मात्सुसाका गावचा रहिवासी होता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे. परंतु त्याचा जन्म इ. स. १७३० चा, हेही विसरता येत नाही. इ. स. १७२१ च्या शोगुनशाहीच्या गणनेत सामान्य प्रजा सुमारे २ कोटी ६० लाख भरली. नोरिनागाचा आकडा अक्षरशः घेतला तर दर सात माणसांतील एक मनुष्य दोन महिन्यांच्या आत एकाच रस्त्यावर होता, असे मानावे लागेल. आकडा काही प्रमाणात फुगलेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मात्र तो निम्मा धरला तरीही प्रश्न उरतोच, की एवढी तोंडे जेवली कशी?

याचे उत्तर ‘सेग्यो’ या दानपद्धतीत सापडते. ओसाका, क्योतो आणि वाटेवरील गावांतील सधन व्यापारी यात्रेकरूंना भाताचे मुटके, पेज, चहा, गवती पादत्राणे, पैसे व निवारा फुकट देत. निसटलेल्या यात्रेकरूची खूण म्हणजे हातातील ‘हिशाकु’, लांब दांड्याचे लाकडी ओगराळे. त्यातूनच पाणी प्यायचे, त्यातच भिक्षा घ्यायची. इ. स. १८३० ची लाट अवा प्रांतातील पाठशाळेच्या मुलांपासून सुरू झाली असे सांगतात. त्या वर्षी यात्रेकरू आपली ओगराळी गेकूच्या उत्तर दारापाशी ठेवून जात. परवाना, पैसा आणि सोबत या तिन्हींची जागा घेणारे हे एकच साधन होते. मालकाने पाठविलेली कुत्रीसुद्धा गळ्यात पैशांची पिशवी अडकवून इसेला जाऊन येत आणि वाटेवरचे लोक त्यांना खाऊ घालीत. हिरोशिगेच्या मियागावा नदीवरील चित्रात असे एक कुत्रे दिसते.

या दानामागे भक्ती होती, तशी भीतीही होती. लाखो उपाशी लोक दारावरून जात असताना कोठार बंद ठेवणे व्यापाऱ्याला परवडणारे नव्हते. तसेच दान हे शिलकीवर अवलंबून असते. इ. स. १८३० च्या यात्रेनंतर तीनच वर्षांनी तेनपो दुष्काळास प्रारंभ झाला आणि ओगराळ्यात पडणारा भात आटला. उदारतेचा इतिहास लिहिताना भाताच्या भावाकडे पाठ फिरवता येत नाही.

इसेतील एक दिवस :

वरील साधनांच्या आधारे अशा एकट्या यात्रेकरूच्या इसेतील दिवसाची स्थूल रेषा काढता येते. पहाटे तो मियागावा नदीशी येई. नदी हीच शुद्धीची सीमा होती. पलीकडे नेणारी होडी यात्रेकरूंसाठी विनामूल्य असे. तिला ‘गोचिसो-बुने’, म्हणजे पाहुणचाराची होडी, म्हणत; ‘गोचिसो’ हाच शब्द मेजवानीलाही वापरतात. नदीजवळ इ. स. १७७५ पासून ‘हेन्बा मोची’ मिळे. भाड्याचे घोडे येथून परत पाठवीत, म्हणून त्या पदार्थाचे नाव ‘परतणारा घोडा’. इसेच्या वाटेवर मोचीचे इतके प्रकार का, याचे कारण व्यावहारिक आहे. कुटलेल्या चिकट भाताचा हा गोळा उभ्या उभ्या खाता येतो, लवकर पचत नाही आणि एका तुकड्यावर कोसभर चालता येते.

यामादा गावातून तो गेकूला जाई. गाभाऱ्यापुढे एकाबाहेर एक अशी चार कुंपणे. दिसे ते फक्त गवती छप्पर. श्रीमंत यजमानालाही यापेक्षा फार जास्त दिसत नसे. बौद्ध भिक्षूंना आणि मुंडन केलेल्यांना तर पुढे जाण्याची मनाई होती. इ. स. १६८४ मध्ये कवी बाशो यालाही केवळ मुंडन केलेल्या डोक्यामुळे दूर थांबावे लागले होते.

तेथून नाइकूच्या वाटेवर फुरुइची टेकडी लागे. गणिकागृहे, नाटकशाळा व नृत्यगृहे यांची ही मोठी पेठ. जिप्पेन्शा इक्कूच्या ‘तोकाइदोचू हिझाकुरिगे’ या विनोदी प्रवासकथेचे नायकही इसेला येतात, आणि त्यांची भक्ती कितपत हा प्रश्न वाचकाला पडावा अशीच लेखकाची योजना आहे. ओगराळेवाल्याला मात्र ही पेठ बाहेरूनच पाहावी लागे. त्याच्या वाट्याला येई तो जाड, मऊ उदोन. येथील शेवया तासभर शिजवितात आणि वर थोडा काळसर सोया-रस्सा घालतात. कढईत शेवया सतत शिजत असल्याने गिऱ्हाइकाला थांबावे लागत नसे, आणि थकलेल्या पोटाला त्या जड जात नसत. ‘इसे उदोन’ हे आजचे नाव मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले.

दुपारनंतर इसुझू नदीत हात धुऊन तो नाइकूत शिरे. दारापुढील पेठेत इ. स. १७०७ पासून, म्हणजे मोठ्या लाटेनंतर दोनच वर्षांनी, ‘आकाफुकु’ विकली जाऊ लागली. मोचीवर अझुकी कडधान्याचे गोड पुरण आणि त्यावर इसुझूच्या लहरींसारखी बोटांची खूण, असे तिचे रूप. पुरणात पूर्वी काळी साखर असे. पांढरी साखर इ. स. १९११ नंतरची. पलीकडच्या शिमा किनाऱ्यावरचे मच्छीमार होडीतच कात्सुओ मासा सोया-रसात मुरवून, आंबूस भातात हाताने कालवून खात. त्यांचा हा ‘तेकोने-झुशी’ पुढे इसेच्या पेठेत आला.

इ. स. १८७१ नंतर :

मेइजी शासनाने इ. स. १८७१ मध्ये ओन्शी पद्धत रद्द केली. वाड्यांतील मेजवान्या संपल्या. परवाने व नाकेही राहिले नाहीत, त्यामुळे निसटण्याची गरजच उरली नाही. इ. स. १८९७ मध्ये रेल्वे यामादापर्यंत पोहोचली आणि पंधरा दिवसांच्या वाटेवरील चहाची दुकाने ओस पडली. यात्रा सुलभ झाली, पण अनोळखी माणसाला खाऊ घालण्याची जी व्यवस्था वाटेवर होती ती वाटेबरोबर गेली. इ. स. १९९३ मध्ये नाइकूसमोर आकाफुकु कंपनीने जुन्या धर्तीची ‘ओकागे योकोचो’ ही पेठ वसविली. इ. स. २०१३ च्या पुनर्बांधणीच्या वर्षी दोन्ही देवस्थानांना सुमारे १ कोटी ४२ लाख लोकांनी भेट दिली. आता एकट्याने येणारा प्रवासी सकाळी गेकू, दुपारी उदोन आणि संध्याकाळी आकाफुकु हाच क्रम पाळतो. प्रत्येक ताटाची किंमत तो स्वतः देतो. इ. स. २०३३ च्या पुनर्बांधणीचे विधी इ. स. २०२५ पासून सुरू झाले आहेत. गेकूतील नैवेद्य रोज दोन वेळा पूर्वीप्रमाणेच शिजतो, आणि तो आजही एकट्या देवतेसाठी नसतो. दोन्ही देवस्थानांतील देवतांची ताटे एकाच अग्नीवर तयार होतात.